अर्जावरची शपथ

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात बांधकामाचा ठेका घ्यायचा, तर आधी राज्याच्या कामगार व उद्योग विभागाकडे नाव नोंदवावे लागते; मग काम छप्पर बदलण्याचे असो की परसात कुंपण घालण्याचे. धंद्याचे नाव, मालकांची नावे, राज्याने दिलेला नऊ आकडी धंदा-क्रमांक, दायित्व विम्याचा दाखला आणि एक जामीनरोखा, एवढा ऐवज अर्जासोबत जोडायचा. १ जुलै २०२४ पासून सर्वसाधारण ठेकेदाराचा जामीनरोखा ३०,००० डॉलरचा आणि एकाच प्रकारचे काम करणाऱ्याचा १५,००० डॉलरचा झाला. त्याआधी ह्या रकमा १२,००० आणि ६,००० होत्या. सगळ्या कागदांवर धंद्याचे नाव अक्षरशः एकच असावे लागते, एखादा शब्द इकडे एक आणि तिकडे दुसरा असून चालत नाही. नोंदणी दोन वर्षे टिकते. हे सारे हिशेबी वाटते, पण त्या राज्याच्या कायद्यात एक वाक्य असे आहे की जे ह्या कारभाराला एकदम धर्मविचाराच्या अंगणात आणून सोडते. ठेकेदाराने हा अर्ज शपथेवर करायचा आहे. ज्या काळात अर्जाचा नमुना इंटरनेटवरून उतरवून घेता येतो, ग्राहकाशी करायच्या कराराचा मसुदा चार रकाने भरले की आपोआप तयार होतो आणि सही म्हणजे पडद्यावरच्या चौकोनात केलेली एक खूण असते, त्या काळात ही शपथ नेमकी कोण घेतो, कोणाला उद्देशून घेतो आणि तिला काही वजन उरते का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. माझे उत्तर असे की वजन उरते, किंबहुना पूर्वीपेक्षा वाढते. मात्र ते कुठे असते हे शोधताना राज्य आणि नागरिक दोघेही चुकीच्या ठिकाणी पाहतात.

ह्या नोंदणीत काय नाही ते आधी पाहू. वॉशिंग्टनमध्ये वीजकाम आणि नळकाम करणाऱ्यांची वेगळी प्रमाणपत्रे आहेत, पण सर्वसाधारण ठेकेदाराची कोणतीही परीक्षा घेतली जात नाही. त्याला ओळंबा धरता येतो का, सिमेंट-वाळूचे प्रमाण कळते का, हे राज्य विचारत नाही. मग ते विचारते तरी काय? ह्याचे सर्वांत नेमके उत्तर मला याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सापडते. कर्जाच्या व्यवहारात जामीन राहणाऱ्याचे तिथे तीन प्रकार सांगितले आहेत. पहिला दर्शनाचा जामीन: हा माणूस हवा तेव्हा मी हजर करीन. दुसरा प्रत्ययाचा: हा माणूस विश्वासाचा आहे, तो फसवणार नाही, हे मी सांगतो. तिसरा दानाचा: त्याने दिले नाही तर मी देईन. त्या स्मृतीवरच्या मिताक्षरा टीकेमुळे हा विचार आपल्याकडच्या न्यायव्यवहारात शतकानुशतके मुरला. विज्ञानेश्वराने ती टीका चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे मराठी मुलखाच्या उंबऱ्यावरच लिहिली. स्मृतीने ह्या तीन जामिनांत एक लक्षणीय भेद केला आहे. दानाचा जामीन मेला तर त्याच्या मुलांना देणे लागते. दर्शनाचा किंवा प्रत्ययाचा मेला तर लागत नाही. पैशाची हमी वारशाने पुढे जाते, कारण पैसा कोणाच्याही हातून आला तरी पैसाच असतो. एखाद्याच्या सचोटीबद्दल दिलेली ग्वाही मात्र ती देणाऱ्याबरोबर संपते. आता वॉशिंग्टनचा अर्ज ह्या तीन खणांत ठेवून पाहा. नाव, पत्ता, मालकांची यादी आणि धंदा-क्रमांक ही दर्शनाची तजवीज झाली. जामीनरोखा आणि विमा ही दानाची. प्रत्ययाचा खण राज्याने रिकामा सोडला आहे. हा माणूस चांगला आहे, असे राज्य कुठेही म्हणत नाही. त्या खणात एकच गोष्ट उरते, ती म्हणजे अर्जदाराची स्वतःची शपथ. तिथे दुसरा जामीनच नाही. स्वतःबद्दलची ग्वाही त्याला स्वतःलाच द्यावी लागते.

राज्याला आपली ही मर्यादा पक्की ठाऊक आहे. ठेकेदाराने ग्राहकाच्या हाती द्यायचा एक सूचनापत्राचा नमुना आहे, त्यात ते दिसते. चारपर्यंत बिऱ्हाडे असलेल्या घराचे १,००० डॉलर किंवा त्याहून मोठे काम असेल, तर काम सुरू करण्याआधी हे पत्र देऊन ग्राहकाची सही घ्यावी लागते. नमुना विभागच पुरवतो, कोणालाही तो उतरवून घेता येतो. पत्राच्या सुरुवातीला ठेकेदार आपला नोंदणी क्रमांक आणि जामिनाची रक्कम लिहितो. त्यानंतरचा मजकूर मात्र त्याच्याच हिताविरुद्ध जाणारा आहे. हा जामीन तुमचे नुकसान भरून काढायला पुरेलच असे नाही, असे तो सांगतो. जामीन फक्त तुमच्यासाठी राखलेला नाही, दुसऱ्यांचेही दावे त्यावर येऊ शकतात. मी पोटठेकेदाराचे किंवा माल पुरवणाऱ्याचे पैसे थकवले, तर त्यांचा बोजा तुमच्या घरावर चढू शकतो आणि वसुलीसाठी घर विकायची वेळही येऊ शकते. म्हणून थोडी रक्कम हातात राखून ठेवा, वाटल्यास वेगळा जामीन मागा, बोजा सोडल्याचे कागद मागा. धंद्याला आलेल्या माणसाने गिऱ्हाइकाला स्वतःपासून सावध कसे राहायचे हे लेखी शिकवायचे, असा हा प्रकार आहे. आणि हे पत्र न देणाऱ्याला त्या कामाच्या पैशांपोटी घरावर बोजा चढवण्याचा हक्क राहत नाही. अमेरिकेतल्या कायद्यांबद्दल मला फारसे भक्तिभावाने बोलता येत नाही, पण ह्या एका पानाला मी धर्मशास्त्रीय मोलाचे मानतो. समोरच्याला आपल्याबद्दलचे सत्य त्याच्या उपयोगाचे होईल अशा वेळी सांगणे, म्हणजे तो फसण्याआधी सांगणे, ही सत्यवचनाची फार वरची पायरी आहे. बहुतेक नीतिशास्त्रे खोटे बोलू नका इथेच थांबतात.

जामिनाची रक्कम वाटायची वेळ आली तर कोणाला आधी द्यायचे, हेही त्या कायद्याने ठरवून ठेवले आहे. आधी मजुरांची मजुरी. मग कराराचा दुसरा पक्ष, म्हणजे बहुधा घरमालक. मग नोंदणीकृत पोटठेकेदार आणि माल-यंत्रे पुरवणारे. त्यानंतर राज्याचे कर. कोर्टखर्च आणि वकिलांचे शुल्क सर्वांत शेवटी. कायदा करणारे राज्य स्वतःला रांगेत चौथे उभे करते आणि अंगमेहनत करणाऱ्याला पहिले. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी देण्याची आज्ञा आहे. इब्न माजांच्या हदीससंग्रहात मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याचे दाम देण्याचे वचन आहे. दोन्हीकडे कारण एकच: मजुराकडे थांबण्याची ऐपत नसते. वॉशिंग्टनच्या विधिमंडळाने ती क्रमवारी लिहिताना कोणते धर्मग्रंथ समोर ठेवले होते असा माझा दावा नाही. पण ज्या समाजाने ती आज्ञा पिढ्यान्‌पिढ्या ऐकली, त्या समाजाच्या रुक्ष कलमातही ती कुठून तरी पाझरते, असे मला वाटते. ठेकेदार जेव्हा जामीनरोखा जोडतो तेव्हा ह्या क्रमवारीलाही तो मान्यता देत असतो. ज्या मजुराला त्याने अजून पाहिलेही नाही, त्याला तो आगाऊ सांगतो की माझे दिवाळे वाजले तरी तुझे आधी. आणि जामीनरोखा म्हणजे विमा नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवे. जामीन कंपनी दावा भागवते आणि मग ती रक्कम ठेकेदाराकडूनच वसूल करते. ऋण त्याचेच राहते. कंपनी फक्त मध्ये उभी असते, म्हणजे ज्याचे पोट हातावर आहे त्याला ताटकळावे लागू नये.

शपथेवर पहिला आक्षेप धर्माच्या बाजूनेच येतो आणि तो जुना आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू शपथच वाहू नका असे सांगतो; होय म्हणजे होय आणि नाही म्हणजे नाही, एवढेच बोलणे असावे. क्वेकर पंथाच्या लोकांनी ही आज्ञा शब्दशः पाळली, कोर्टात शपथ घ्यायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंगवास सोसला. शेवटी इंग्लंडच्या पार्लमेंटला सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यासाठी शपथेऐवजी प्रतिज्ञेची वाट मोकळी करावी लागली. अमेरिकेच्या राज्यघटनेत अध्यक्षालाही शपथ किंवा प्रतिज्ञा असे दोन पर्याय आहेत, आणि आपल्याकडच्या १९६९च्या शपथ अधिनियमातही ईश्वरसाक्ष शपथ आणि गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा अशा दोन्ही वाटा आहेत. खऱ्या माणसाला शपथ कशाला आणि खोट्याला तिचा उपयोग काय, असा हा आक्षेप. मला तो अर्धा मान्य आहे. क्वेकरांची तक्रार मुळात अशी होती की शपथेमुळे सत्याच्या दोन प्रती पडतात, एक कोर्टात वापरायची आणि एक बाजारात. त्यांना एकच प्रत हवी होती, आणि त्यांच्यातल्या व्यापाऱ्यांनी घासाघीस न करता सर्वांना एकच भाव सांगण्याचा रिवाज पाडला तो ह्याच भूमिकेतून. म्हणजे त्यांचा विरोध शब्दाला बांधून घेण्याला नव्हता. बांधून घेण्याची ताकद फक्त विशेष प्रसंगापुरती राखून ठेवण्याला होता. हा विचार पुढे नेला तर अर्जावरचे प्रत्येक विधान, शपथेचा मथळा असो वा नसो, तेवढेच बंधनकारक ठरते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये अनेक दाखल्यांसाठी लागणारी प्रतिज्ञापत्रे काढून टाकून त्यांच्या जागी नागरिकाचे साधे स्वयंघोषणापत्र आणले. मुद्रांक गेला, रांग गेली, दंडाधिकाऱ्याचा शिक्का गेला. पुष्कळांना वाटले की गांभीर्यही गेले. क्वेकरांच्या दृष्टीने पाहिले तर घडले ते उलटे: साक्षीदार बाजूला झाला आणि बोलणारा एकटा उरला.

आता घरबसल्या तयार होणाऱ्या फॉर्मकडे येऊ. आक्षेप असा की ज्या मजकुरातला एकही शब्द माझा नाही, जो मी बहुधा वाचलेलाही नाही, तो माझा शब्द कसा? सॉफ्टवेअरने राज्याच्या अटी पाहून कलमे जुळवली, मी नाव आणि रक्कम भरली. ह्यात वचन कुठे आहे? हा प्रश्न आपल्याकडे कोणत्याही पूजेच्या वेळी उभा राहतो आणि त्याचे उत्तरही आपल्या परंपरेत आहे. संकल्पाचा मजकूर ठरलेला असतो. गुरुजी तो सांगतात. त्यात देश, काल, तिथी, यजमानाचे गोत्र आणि नाव ह्यांच्या जागा मोकळ्या असतात, त्या भरायच्या असतात. यजमानाला संस्कृत येत असेलच असे नाही. तरी पळीभर पाणी त्याच्या हातून सोडल्याशिवाय संकल्प होत नाही, गुरुजींच्या हातून सोडून चालत नाही. ह्यामागचे तत्त्व पूर्वमीमांसेने यज्ञाच्या संदर्भात बारकाईने तपासले आहे. यज्ञ यजमानाचा, पण कामे करतात ऋत्विज. मग सगळे काम यजमानानेच करायला हवे का? जैमिनीच्या सूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात ह्यावर चर्चा आहे, आणि सिद्धान्त असा की नाही; ऋत्विजांना दक्षिणा देऊन कामाला घेता येते, दक्षिणा ही त्या कामाची किंमतच आहे, हे मीमांसक आडपडदा न ठेवता म्हणतात. फक्त एक गोष्ट यजमानाला दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. द्रव्यावरचा आपला हक्क सोडणे, तो त्याग, त्याचा त्यालाच करावा लागतो. जे त्याचे आहे ते त्याच्याशिवाय दुसरे कोण सोडणार?

ठेकेदाराच्या अर्जात हे जसेच्या तसे लागू पडते. मसुदा वकिलाने लिहिला की संगणकाने, ह्याने काही बिघडत नाही. शब्द उसने असणे हा वचनाचा दोष नाही. लग्नातले मंत्रही उसनेच असतात आणि ते म्हणून झाल्यावर कोणी असे म्हणत नाही की शब्द माझे नव्हते, सबब संसारही माझा नाही. पण अर्जात जो त्याग आहे तो उसना घेता येत नाही. ह्या अर्जाने ठेकेदार नाहीसे होण्याचे आपले स्वातंत्र्य सोडतो. नाव बदलून दुसऱ्या गावी धंदा थाटण्याची, थकबाकी मागे ठेवून निघून जाण्याची, मी तो नव्हेच असे म्हणण्याची जी मुभा अनोळखी शहरात कोणालाही असते, ती तो स्वखुशीने टाकून देतो. सगळ्या कागदांवर नाव अक्षरशः एकच हवे, ह्या अटीचा खरा अर्थ मला इथे दिसतो. म्हणूनच वाचल्याविना केलेली खूण ही निव्वळ निष्काळजीपणाची बाब राहत नाही. आपण काय सोडतो आहोत हे ठाऊक नसलेल्या माणसाने ते सोडलेले नसते. आणि तरीही पुढे येणारे गिऱ्हाईक आणि मजूर ते सोडले आहे असे धरून चालतात. त्यांच्यापुरते ते खोटे वचन ठरते, मग सही करणाऱ्याच्या मनात कपट नसले तरी.

व्यवहारी माणूस म्हणेल, लबाडही हाच अर्ज भरतो. त्यालाही जामीनरोखा मिळतो, त्याचेही नाव राज्याच्या यादीत येते, आणि यादीत नाव पाहून लोक उलट जास्त फसतात. ह्यात तथ्य आहे. ते प्रत्ययाचा आणि दर्शनाचा घोटाळा केल्यामुळे घडते. ओनोरा ओनील ह्या तत्त्वज्ञ विदुषीने २००२च्या रीथ व्याख्यानांत हाच धोका मांडला होता: तपासण्या, अहवाल आणि पारदर्शकतेचे सोपस्कार वाढवले म्हणून विश्वास वाढत नाही; कोणावर कोणत्या बाबतीत विश्वास ठेवावा हे ठरवण्याचे काम शेवटी माणसालाच करावे लागते. नोंदणी ते काम करून देत नाही, ते करण्यासाठी लागणारी सामग्री देते. वॉशिंग्टनमध्ये ठेकेदाराच्या जामिनावर कोणी दावा लावला आहे का, हे घरबसल्या पाहता येते. त्याच राज्यातल्या बेलव्ह्यू-रेडमंडकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे घराचे काम काढतात तेव्हा त्यांना ना तो ठेकेदार ओळखीचा असतो ना त्याचा गाव. आपल्याकडे गावच्या गवंड्याला असल्या यादीची गरज नव्हती, कारण दर्शन, प्रत्यय आणि दान हे तिन्ही जामीन गावच राहत असे. तो कुठे राहतो हे सर्वांना ठाऊक, त्याच्या बापाने बांधलेली घरे उभी आहेत की पडली हे सर्वांच्या डोळ्यांसमोर, आणि त्याने फसवले तर भरपाई भाऊबंदांच्या गळ्यात. कौटिल्यानेही कारागिरांवरच्या प्रकरणात हेच गृहीत धरले आहे. ज्याच्यामागे श्रेणीची, म्हणजे कारागिरांच्या संघाची, हमी आहे अशा कारागिराने लोकांचा ऐवज घ्यावा आणि त्याचे बरेवाईट झाले तर श्रेणीने तो भरून द्यावा, अशी त्याची तजवीज आहे. इसवी सनापूर्वी अठराव्या शतकातल्या हम्मुराबीच्या संहितेत रीत निराळी: घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला देहदंड, आणि भिंत कलली तर ती त्याने स्वखर्चाने पक्की करायची. गाव, श्रेणी, राजदंड, प्रत्येक समाजाने शब्दाला उभे राहायला काहीतरी जागा दिलेली आहे. तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने तर वचन ही निसर्गाची देणगीच नव्हे, परक्या माणसांशी व्यवहार करता यावा म्हणून समाजाने घडवलेली रीत आहे, असे म्हटले. मी ह्यूमइतका पुढे जाणार नाही. दिलेला शब्द पाळावा ही ओढ मला रीतीच्याही आधीची वाटते. पण परक्यांच्या वस्तीत त्या ओढीला अंग लागते, एवढे त्याचे खरे आहे.

सर्वांत जड आक्षेप गरिबाच्या बाजूचा आहे. जामीनरोख्याचा हप्ता अर्जदाराची कर्जफेडीची पत पाहून ठरतो; म्हणजे ज्याची पत कमी त्याला तो महाग पडतो. परदेशातून आलेला, इंग्रजी अर्ज वाचता न येणारा, पण हातात उत्तम कसब असलेला गवंडी ह्या उंबरठ्यावर अडखळतो. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमनने १९६२च्या ‘कॅपिटॅलिझम अँड फ्रीडम’मध्ये नोंदणी, प्रमाणन आणि परवाना अशा तीन पायऱ्या वेगळ्या केल्या आणि परवान्याची पायरी बहुतेक वेळा धंद्यात आधीपासून बसलेल्यांच्या सोयीची असते, असा युक्तिवाद केला. त्याच्या इतर अनेक मतांशी मी सहमत नाही, पण हा भेद मी उपयोगी मानतो, आणि कॅलिफोर्नियाकडे पाहिले की तो किती खरा आहे ते कळते. तिथे नोंदणी नाही, परवाना आहे: बहुतेक प्रकारांसाठी चार वर्षांचा अनुभव, परीक्षा आणि २५,००० डॉलरचा जामीन. परवान्याची ही सक्ती आधी ५०० डॉलरच्या कामापासून लागू होती, २०२५ पासून ती मर्यादा १,००० डॉलर झाली. विनापरवाना काम करणाऱ्याला आपल्या मेहनतान्यासाठी कोर्टात दाद मागता येत नाही, आणि ग्राहकाने दिलेले पैसेही परत मागता येतात. पाम स्प्रिंग्जच्या जलक्रीडा उद्यानात कृत्रिम लाटांचा तलाव बसवणाऱ्या हायड्रोटेक कंपनीचे प्रकरण १९९१ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. कंपनी न्यूयॉर्कची, तिच्याकडे कॅलिफोर्नियाचा परवाना नव्हता. काम तर करून घेतले पण पैसे देण्याचा ग्राहकाचा इरादा पहिल्यापासूनच नव्हता, असे तिचे म्हणणे. न्यायालयाने सांगितले की तसे असले तरी पैसे मागता येणार नाहीत. ग्राहकाला परवाना नसल्याचे माहीत होते की नव्हते ह्यानेही फरक पडत नाही. दोन पक्षांतल्या न्यायापेक्षा कायद्याची जरब मोठी. ह्या निकालाची तर्कसंगती मला समजते, पण तो मला नीतीने मान्य होत नाही. दर्शनाची व्यवस्था राखण्यासाठी राज्य इथे एका माणसाला आपला शब्द जाणूनबुजून मोडण्याची मोकळीक देते. वॉशिंग्टनमध्येही नोंदणी नसलेल्याला दावा लावता येत नाही, पण नोंदणी थोडीबहुत चुकली असली तरी जामीन आणि विमा सतत चालू होते का, विभागाकडे माहिती होती का, हे न्यायालय पाहते आणि अटींचे सारतः पालन झाले असेल तर ऐकून घेते. दोन राज्यांतला हा फरक मला कायद्याच्या बारकाव्यांहून मोठा वाटतो. एकीकडे अर्ज हे वचनाचे साधन आहे, दुसरीकडे अर्ज वचनाच्या डोक्यावर बसला आहे. गरिबाच्या बाजूचा आक्षेप नोंदणीच मोडून काढा इथपर्यंत नेला तर मात्र तो गरिबावरच उलटतो, कारण रोखा नसेल तर सर्वांत आधी बुडते ती मजुराची मजुरी. उंबरठा कमी करायचा तर हप्त्याची पद्धत बदलावी, अर्ज स्थलांतरितांच्या भाषांत द्यावा. मजुराचा पहिला हक्क तसाच ठेवावा.

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकाम विभागाकडे ठेकेदारांची वर्गवार नोंदणी असते, पण तिथे ग्राहक स्वतः शासन आहे. खासगी घर बांधून घेणाऱ्या सामान्य माणसाला आपल्या ठेकेदाराबद्दल सावध करणारे कोणतेही पत्र हातात मिळत नाही. इथे ठेकेदाराची सही आणखी एका कागदावर लागते, आणि त्या कागदाची मला जास्त काळजी वाटते. १९९६च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवायचे तर कामगाराला मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला द्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन भरता येतो, फोटो आणि आधार क्रमांक जोडता येतात. तो दाखला मात्र कोणीतरी माणसानेच द्यायचा असतो, ठेकेदाराने किंवा ग्रामसेवकाने. इथे प्रत्ययाचा खण रिकामा नाही. तो भरण्याची जबाबदारी एका माणसाने दुसऱ्यासाठी घ्यायची आहे, आणि मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अपघातानंतरच्या मदतीपर्यंत बरेच काही त्या एका सहीवर लटकलेले असते. उद्या आपल्यावर काही येईल म्हणून खऱ्या कामगाराला सही नाकारणारा ठेकेदार, आणि ज्याने विटेला हात लावला नाही अशाला पैसे घेऊन सही देणारा ठेकेदार, हे दोघे एकाच वचनाशी दोन बाजूंनी बेइमानी करतात. दुसऱ्याला लोक लबाड म्हणतात, पहिला मात्र सहसा सावध व्यवहारी म्हणून सुटतो, आणि हे मला पटत नाही. जे घडले त्याची साक्ष देण्याचे नाकारणे म्हणजे घडलेच नाही असे म्हणणे होय, विशेषतः दुसरा साक्षीदार नसताना. वॉशिंग्टनच्या कायद्यातून आपल्याकडे काही आणायचे झाले तर परीक्षा आणि शुल्काच्या आधी मी दोन गोष्टी आणीन. घरमालकाच्या हातात कामाआधी पडणारे ते एक पानाचे सूचनापत्र, मराठीत, साध्या शब्दांत. आणि ठेकेदाराच्या अनामत रकमेवर कोणाचाही दावा आला तरी मजुरी आधी चुकती करण्याचा नियम, शासनाच्या येण्याच्याही आधी.